उजवायचं वय

एकाच मांडवात बापाला आणि लेकाला हळद लागावी, याचं ठाणे जिल्ह्यातल्या वारली पाड्यांवर फारसं नवल नव्हतं. मुलगा-मुलगी एकमेकांच्या पसंतीनं एकत्र राहू लागत, पोरंबाळं होत, संसार चाले. विधीचं लग्न मात्र पैसे जमेपर्यंत लांबे. देज, मांडव, गावजेवण, दारू हा सगळा खर्च उभा राहीपर्यंत कधी थोरला मुलगाच लग्नाचा होई आणि मग दोन्ही लग्नं एकदम उरकली जात. लग्न लावायला धवलेरी ही स्त्री-पुरोहित येई. घराच्या भिंतीवर पालघट देवीचा चौक सवाशिणी लिहीत. भटजीची गरजच नव्हती, त्यामुळे मुलगी आठ-नऊ वर्षांची झाली की उजवलीच पाहिजे, हा धाकही नव्हता.

शहापूर आणि मुरबाड हे ठाण्याचे दोन डोंगराळ तालुके. एकीकडे माहुलीचा किल्ला आणि तानसा-भातसाची धरणं, दुसरीकडे माळशेज घाट आणि म्हशाची जत्रा. ठाकूर, कातकरी, महादेव कोळी, वारली यांच्या वाड्या-पाड्यांना लागूनच कुणबी आणि आगऱ्यांची गावं, आणि बाजाराच्या ठिकाणी वाणी-ब्राह्मणांची घरं. पूर्वी सगळ्यांचीच लग्नं पाळण्यात होत आणि आता सगळेच तिशीला टेकतात, ही सरळ रेघ या भागात काढता येत नाही. इथे दोन रिवाज शेजारी शेजारी नांदत होते.

ठाकरांमध्ये आणि वारल्यांमध्ये मुलगा कमावता आणि मुलगी जाणती झाल्यावर लग्नाचा विचार होई. ठाकरांच्या चालीरीतींवर लक्ष्मण नारायण चापेकरांनी 1960 साली एक स्वतंत्र ग्रंथच लिहिला. कुणबी-आगऱ्यांच्या घरात मात्र मुलीचं लग्न लहानपणीच लागे. ती न्हाण येईपर्यंत माहेरी राही आणि मग नांदायला जाई. यात शास्त्रापेक्षा शेताचा हिशेब मोठा होता. आवणीला वाकणारे आणि झोडणीला उभे राहणारे दोन हात सासरी जात असत, म्हणून तर मुलीच्या बापाला देज मिळे. हुंडा नंतर आला, उलट्या दिशेनं.

मुंबईत मात्र याच वयावरून रण माजलं होतं. अकराव्या वर्षी लग्न झालेल्या रखमाबाईंनी नांदायला जायचं नाकारलं, तेव्हा नवऱ्यानं 1884 मध्ये त्यांच्यावर दावा लावला. 1887 मध्ये न्यायालयानं त्यांना नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा, असं सांगितलं. त्यांनी तुरुंगाची तयारी दाखवली. पुढच्या वर्षी तडजोड झाली आणि रखमाबाई लंडनला जाऊन डॉक्टर होऊन आल्या. 1891 च्या कायद्यानं संमतिवय 10 वरून 12 वर नेलं. त्या वेळी आगरकर कायद्याच्या बाजूनं आणि टिळक विरोधात असा सामना झाला, तो मराठी वाचकांना ठाऊक आहेच.

रेल्वे 1861 सालीच कसाऱ्याला पोचली होती, पण या वादाला डोंगरातल्या गावांचं तिकीट मिळालं नाही. तिथल्या बहुतेकांना ना वृत्तपत्र वाचता येत होतं, ना कायद्याचा शिपाई दारात येत होता.

पुढचा कायदा हरबिलास सारडांचा. 1929 मध्ये मंजूर झालेल्या या कायद्यानं मुलीसाठी 14 आणि मुलासाठी 18 वर्षं ही मर्यादा घातली आणि तो 1 एप्रिल 1930 पासून लागू झाला. मधल्या महिन्यांत देशभर घाईघाईनं लग्नं उरकण्यात आली. 1931 च्या शिरगणतीत पंधरा वर्षांखालच्या विवाहित मुलींची संख्या आधीच्या शिरगणतीपेक्षा लाखांनी वाढलेली दिसली, ती त्यामुळेच. मुलींसाठीची ही मर्यादा 1949 मध्ये 15 झाली आणि 1978 मध्ये मुलीला 18, मुलाला 21 हे आजचं वय ठरलं.

आदिवासी तरुणाला या आकड्यांशी काही देणंघेणं नव्हतं. त्याचं लग्नाचं वय सावकाराच्या वहीत लिहिलेलं असे. लग्नासाठी जमीनदाराकडून पैसे घ्यायचे आणि ते फिटेपर्यंत त्याच्या शेतावर राबायचं. कर्ज फिटत नसे, कारण हिशेब ठेवणारा तोच. ठाणे जिल्ह्याच्या उत्तरेकडे अशा माणसाला लग्नगडी म्हणत, आणि नवऱ्याबरोबर बायकोही त्या वेठीला बांधली जाई. गोदावरी परुळेकरांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात ही माणसं महाराष्ट्राला दाखवली. जानेवारी 1945 मध्ये किसान सभेची परिषद टिटवाळ्याला, म्हणजे शहापूर-मुरबाडच्या उंबऱ्यावरच भरली. तिथे आलेल्या वारल्यांनी परत जाऊन तलासरी-डहाणूच्या पट्ट्यात वेठबिगारीविरुद्ध लढा उभारला आणि लग्नगड्यांची सुटका हे त्या लढ्याचं पहिलं मोठं यश ठरलं.

पहिलं, शेवटचं नव्हे. वेठबिगारी बंद करणारा कायदा 1976 मध्ये झाला, तरी 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला विवेक आणि विद्युल्लता पंडित यांना वसई तालुक्यात लग्नाच्या कर्जापायी राबणारी कुटुंबं सापडलीच. त्यांच्या सुटकेतून 1982 मध्ये श्रमजीवी संघटना उभी राहिली. पुढे तिचं काम शहापूर, मुरबाड, भिवंडीपर्यंत पसरलं.

याच काळात कुणबी-आगऱ्यांच्या घरात वय हळूहळू वर सरकू लागलं होतं. आजीचं लग्न न्हाण यायच्या आधी झालं. आई दहावी नापास झाली आणि त्याच वर्षी मार्गशीर्षात उजवली गेली. नात बारावी झाली, नर्सिंगला गेली आणि पंचविशीत तिनं स्वतः स्थळ नाकारलं. गावोगावच्या अनेक घरांत तीन पिढ्यांचा हिशेब साधारण असाच निघतो. त्यामागे कायद्यापेक्षा कसारा लोकलचा हात मोठा. वासिंद, आसनगाव, आटगाव, खर्डीच्या मुली सकाळची गाडी पकडून कल्याणच्या कॉलेजात जाऊ लागल्या. 1972 साली सुरू झालेलं बिर्ला कॉलेज हे त्यांतलं एक. मुरबाडला अजूनही रेल्वे नाही, तिथे हेच काम एसटीनं केलं. पगार हातात आला तशी मुलीची घाई आई-बापांनाही उरली नाही.

आता त्याच घरांत चिंता वेगळी आहे. मुलीला शेतकरी नवरा नको. कंपनीत कायम नोकरी, कल्याण-बदलापूरला फ्लॅट आणि गावाकडे घर असं स्थळ हवं. ज्याच्याकडे यातलं एकच आहे त्याची पस्तिशी उलटते. हे दुखणं एकट्या ठाण्याचं नाही. डिसेंबर 2022 मध्ये सोलापुरात बिनलग्नाचे तरुण फेटे बांधून, घोड्यावर बसून थेट जिल्हाधिकारी कार्यालयावर वाजतगाजत गेले. मुली का मिळत नाहीत, हा त्यांचा सवाल होता आणि गर्भलिंगनिदानाचा कायदा कडक राबवा, ही मागणी. त्यात भर हळदीच्या खर्चाची. आगरी पट्ट्यात हळदीची रात्र लग्नाहून महाग पडते. डीजे आणि दारू बंद करा, असे ठराव समाजाच्या बैठकांत होत असतात, मोडलेही जातात. पूर्वी वारल्याचं लग्न खर्चापायी लांबायचं, आज शेतावरच्या कुणब्याचं लांबतं.

आणि जिथे लग्न आजही लवकर होतं, तिथे ते का होतं? कातकरवाडीत याचं उत्तर मिळतं. दिवाळीच्या सुमाराला वाडी रिकामी होते. वीटभट्टीच्या मालकाकडून बयाणा घेतलेला असतो, म्हणून सगळं कुटुंब पावसाळ्यापर्यंत भिवंडी-कल्याणकडच्या भट्टीवर जातं. शाळा सुटते. चौदा-पंधराची मुलगी भोंग्यात, म्हणजे भट्टीवरच्या झोपडीत, एकटी ठेवणं आई-बापांना धोक्याचं वाटतं, तिला मागे वाडीवर ठेवायचं तर सांभाळायला कुणी नाही. मग तिच्या मनातल्या मुलाबरोबर किंवा नात्यातल्या कुणाबरोबर तिची जोडी लावून दिली जाते. भट्टीवर नवं जोडपं कामाला लागतं, त्यांचा स्वतःचा बयाणा सुरू होतो. ज्या ठाकूर-वारल्यांमध्ये शंभर वर्षांपूर्वी मुली वयात आल्यावर लग्नं होत, त्यांच्याही स्थलांतर करणाऱ्या वाड्यांत हीच ओढ दिसते.

2006 च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्यानं ही लग्नं रोखायची, तर गावात त्याचा अधिकारी ग्रामसेवक. भट्टीवर लागलेलं लग्न त्याच्या हद्दीतच नसतं. कळतं ते बाळंतपणाच्या वेळी. 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अठराच्या आतल्या पत्नीशी शरीरसंबंध हा बलात्कारच, असा निर्णय दिला. पॉक्सोनुसार दवाखान्याला पोलिसांना कळवावं लागतं आणि पोरगेल्या बापावर गुन्हा नोंदला जातो. ही भीती पसरली की मुली दवाखान्यात यायचंच टाळतात, आणि ज्यांना जपायला कायदा केला त्यांचंच बाळंतपण जिवावर बेततं.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातल्या 20 ते 24 वयाच्या स्त्रियांपैकी 2015-16 मध्ये 26.3 टक्के आणि 2019-21 मध्ये 21.9 टक्के स्त्रियांचं लग्न अठराच्या आत झालं होतं. घट आहे, पण दर पाच जणींत एक अजून उरते. डिसेंबर 2021 मध्ये मुलींचं वय 21 करणारं विधेयक लोकसभेत मांडलं गेलं, पण सभागृहाची मुदत संपली तसं ते बारगळलं. शहापूर-मुरबाडपुरतं बोलायचं तर त्यानं फार बिघडलेलं नाही. इथला उपाय वेगळा आहे आणि तो नवाही नाही. 1990 च्या दशकात याच जिल्ह्यात विधायक संसद या संस्थेनं वीटभट्ट्यांवर भोंगा शाळा चालवल्या होत्या आणि कातकऱ्यांची पोरं तिथे पाटी घेऊन बसली होती. हंगामी वसतिगृहाची सरकारी योजनाही कागदावर आहे. आकडा बदलण्याआधी सरकारनं भट्टीवरची शाळा आणि वाडीवरचं वसतिगृह दिवाळीच्या आत सुरू करावं.