काच, ऊब आणि ऊन : बिअर्डेड ड्रॅगनच्या पिल्लाच्या निवासव्यवस्थेचा इतिहास

प्रस्तावना

ऑस्ट्रेलियाच्या अंतर्भागातील शुष्क प्रदेशात राहणारा ‘बिअर्डेड ड्रॅगन’ हा सरडा गेल्या काही दशकांत युरोप व अमेरिकेतील घराघरांत पोहोचला आहे. गळ्याखालची काटेरी त्वचा फुगवून ती काळी करण्याच्या सवयीमुळे त्याला हे नाव मिळाले. आपल्या कुंपणावर मान हलवीत बसणारा सरडा आणि हा परदेशस्थ प्राणी एकाच ‘अगॅमिडी’ कुळातील होत. अंड्यातून बाहेर पडलेले त्याचे पिल्लू शेपटीसह जेमतेम दहा सेंटिमीटर लांब असते. आई त्याला सांभाळत नाही, भरवत नाही. निसर्गात त्याला मिळते ते ऊन, सावली, किडे आणि पळायला जागा. बंदिवासात या चारही गोष्टी माणसाने पुरवाव्या लागतात आणि त्यांतील पहिली, म्हणजे ऊन, पुरवणे सर्वांत अवघड ठरले.

प्रस्तुत निबंधाचा विषय हे पिल्लू ज्या पेटीत वाढते त्या पेटीचा इतिहास हा आहे. विषय वरकरणी क्षुल्लक, किंबहुना छंदिष्टांचा वाटेल. परंतु ही पेटी आजच्या स्वरूपाला पोहोचण्यास सुमारे दीडशे वर्षे लागली आणि त्या वाटचालीत मानवी बालकांच्या एका व्याधीचा इतिहास तिच्याशी अतूटपणे गुंतलेला आहे. प्राण्याला डोळ्यांसमोर ठेवता यावे म्हणून माणसाने काच वापरली. त्या काचेने उजेड आत येऊ दिला, ऊब धरून ठेवली, मात्र उन्हातील सर्वांत आवश्यक अंश बाहेरच अडवला. हे ध्यानात येईपर्यंत असंख्य प्राण्यांची हाडे वाकली.

लंडनचा धूर आणि काचेची पेटी

पूर्व लंडनमधील वैद्य नॅथॅनिएल बॅगशॉ वॉर्ड यांनी १८२९ मध्ये एका पतंगाचा कोश ओल्या मातीसह काचेच्या बाटलीत बंद करून ठेवला होता. पतंगाची वाट पाहत असताना त्या मातीतून नेचे उगवल्याचे त्यांना दिसले. कोळशाच्या धुरामुळे त्यांच्या बागेत नेचे जगत नसत. बंद बाटलीत मात्र ते टवटवीत राहिले. यातूनच ‘वॉर्डची पेटी’ जन्मास आली आणि १८४२ मध्ये वॉर्ड यांनी तिच्याविषयी ग्रंथही लिहिला. वनस्पतींसाठी निघालेली ही पेटी लवकरच प्राण्यांकडे वळली. माशांसाठी पाण्याची टाकी, बेडूक-सरड्यांसाठी कोरडी वा दमट पेटी असे तिचे प्रकार व्हिक्टोरियन दिवाणखान्यात रूढ झाले.

सार्वजनिक पातळीवर याच सुमारास, १८४९ मध्ये, लंडनच्या प्राणिसंग्रहालयात सरपटणाऱ्या प्राण्यांसाठी स्वतंत्र गृह उघडण्यात आले. अशा प्रकारचे ते जगातील पहिले गृह मानले जाते. १८५२ मध्ये तेथील एका रक्षकाचा नागाच्या दंशाने मृत्यू झाला आणि त्या घटनेची मोठी चर्चा झाली. या गृहाची रचना पाहणाऱ्याच्या सोयीने झालेली होती. प्राणी काचेआड, प्रेक्षक काचेसमोर, आणि संपूर्ण खोली सारखीच उबदार. शीत रक्ताच्या प्राण्याला ऊब हवी एवढेच तत्कालीन ज्ञान होते आणि ते चुकीचे नव्हते, फक्त अपुरे होते. सरडे येत, काही महिने जगत, मरत. त्यांच्या जागी नवे आणले जात. वसाहतींतून पुरवठा अखंड असल्यामुळे मृत्यूचे कारण शोधण्याची निकड कोणास भासली नसावी, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

सिंहाचे छावे आणि नाशिकची बालके

ही निकड प्रथम भासली ती सिंहाच्या बाबतीत. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात जन्मलेल्या छाव्यांना मुडदूस होई आणि ते दगावत. त्यांना प्रामुख्याने घोड्याचे चरबीविरहित मांस दिले जात होते. १८८९ मध्ये शल्यविशारद जॉन ब्लँड-सटन यांनी त्यांच्या आहारात हाडांचा चुरा, दूध व कॉड माशाच्या यकृताचे तेल समाविष्ट करविले आणि छावे सुधारले. म्हणजे दोष अन्नात आहे, असा निष्कर्ष स्वाभाविकपणे निघाला.

दुसऱ्याच वर्षी, १८९० मध्ये, याहून वेगळा विचार मांडला गेला. जपानमध्ये मिशनरी वैद्य म्हणून काम केलेल्या थिओबाल्ड पाम यांना ब्रिटनमध्ये मुडदुशीचे प्रमाण पाहून आश्चर्य वाटले. त्यांनी निरनिराळ्या देशांतील मिशनरी वैद्यांकडून माहिती मागविली आणि जेथे ऊन कमी तेथे मुडदूस अधिक, असे अनुमान काढले. औद्योगिक शहरांवरील धूर हा त्यांच्या मते मुख्य अपराधी होता. वॉर्ड यांच्या नेच्यांना मारणारा आणि लंडनच्या मुलांची हाडे वाकविणारा धूर एकच, ही बाब लक्षणीय आहे. पाम यांच्या प्रतिपादनाकडे त्या काळी फारसे लक्ष दिले गेले नाही.

अन्न की ऊन हा वाद पुढे तीस वर्षे चालला. या वादात महाराष्ट्राचाही एक महत्त्वाचा वाटा आहे आणि तो आपल्याकडे जवळजवळ विस्मृतीत गेला आहे. १९२० च्या दशकाच्या प्रारंभी एच. एस. हचिसन यांनी शाह व पटेल या सहकाऱ्यांसमवेत नाशिक येथे मुडदुशीची पाहणी केली. पडदा पाळणाऱ्या सुखवस्तू घरांत खाण्यापिण्याची ददात नव्हती, तरीही तेथील मुलांत व तरुण स्त्रियांत हा विकार आढळला. उलट शेतात, उघड्यावर वावरणाऱ्या गरीब कुटुंबांचा आहार निकृष्ट असूनही ती त्यापासून बव्हंशी मुक्त होती. नाशिकसारख्या लख्ख उन्हाच्या गावात उन्हाअभावी हाडे मऊ व्हावीत, ही गोष्ट कोणत्याही प्रयोगशाळेतील पुराव्याइतकीच बोलकी होती. ऊन गावात असून भागत नाही, ते त्वचेवर पडावे लागते.

तत्पूर्वी बर्लिनमध्ये कुर्ट हुल्डशिन्स्की यांनी १९१८-१९ च्या हिवाळ्यात चार मुडदूसग्रस्त मुलांवर पारा-क्वार्ट्झ दिव्याचे अतिनील किरण सोडले होते आणि त्यांची हाडे भरून आल्याचे क्ष-किरण चित्रांत दिसले होते. न्यूयॉर्कमध्ये हेस व उंगर यांनी १९२१ मध्ये साध्या सूर्यप्रकाशाने हाच परिणाम दाखविला. व्हिएन्नामध्ये हॅरिएट चिक यांच्या गटाने यकृततेल आणि प्रकाश हे दोन्ही उपाय सारखेच गुणकारी असल्याचे सिद्ध केले. अखेरीस १९२४ मध्ये हेस आणि स्टीनबॉक यांनी स्वतंत्रपणे असे दाखविले की, अतिनील किरणांत ठेवलेल्या अन्नातही मुडदूस-प्रतिबंधक गुण उतरतो. अन्न आणि ऊन हे एकाच द्रव्याचे, म्हणजे ‘ड’ जीवनसत्त्वाचे, दोन मार्ग होते. वाद मिटला, मात्र त्यातून ‘ऊन नसले तरी पूड पुरेल’ असा एक सोयीस्कर समजही निर्माण झाला. सरड्यांच्या वाट्याला तो पुढे फार महागात गेला.

जोन प्रॉक्टर यांची इमारत

या नव्या ज्ञानाचा लाभ सरपटणाऱ्या प्राण्यांना मिळवून देण्याचे श्रेय प्रामुख्याने जोन बोचँप प्रॉक्टर यांना द्यावे लागेल. १८९७ मध्ये जन्मलेल्या प्रॉक्टर बालपणापासून आजारी असत. विद्यापीठीय शिक्षण त्यांना प्रकृतीमुळे घेता आले नाही. तरीही १९२३ मध्ये लंडन प्राणिसंग्रहालयाच्या सरीसृप विभागाची सूत्रे त्यांच्याकडे आली. वास्तुविशारद गाय डॉबर यांच्या सहकार्याने त्यांनी आखलेले नवे गृह १९२७ मध्ये खुले झाले. संपूर्ण इमारत एकसारखी तापविण्याऐवजी प्रत्येक पिंजऱ्यात विजेच्या साहाय्याने स्थानिक ऊब देण्याची योजना तेथे होती. प्रेक्षकांचा मार्ग अंधारा आणि पिंजरे उजळलेले, अशी प्रकाशरचना होती. त्याच वर्षी तेथे आलेल्या दोन कोमोडो ड्रॅगनपैकी एक प्रॉक्टर यांच्याबरोबर उद्यानात फिरत असे! १९३१ मध्ये, वयाच्या अवघ्या ३४ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. इमारत मात्र जवळजवळ शतकभर वापरात राहिली.

याच दशकात ब्रिटनमध्ये ‘व्हिटाग्लास’ नावाची काच तयार करण्यात आली. साध्या खिडकीच्या काचेतून अतिनील ‘बी’ किरण जवळजवळ जात नाहीत; या काचेतून ते जात. लंडन प्राणिसंग्रहालयातही तिचा उपयोग करून पाहण्यात आला. काचेचा दोष काचेनेच दूर करण्याचा हा प्रयत्न होता. तथापि लंडनच्या आकाशात मुळातच जे नाही, ते कोणती काच आत आणणार?

वाळवंटातील तापमापक

उबेविषयीचे ज्ञान १९४४ मध्ये पुढे सरकले. रेमंड काउल्स व चार्ल्स बोगर्ट यांनी कॅलिफोर्नियाच्या वाळवंटातील सरडे व साप यांच्या शरीराचे तापमान मोजले. तथाकथित शीत रक्ताचे हे प्राणी उन्हातून सावलीत व सावलीतून उन्हात ये-जा करून आपले तापमान आश्चर्यकारकरीत्या स्थिर राखतात, असे त्यांना आढळले. यावरून सरड्याला केवळ उष्णता देऊन भागत नाही, उष्ण व शीत यांत निवड करण्याची मुभा द्यावी लागते, हे उघड झाले. एकसारखी तापविलेली खोली म्हणजे त्याच्या दृष्टीने पळवाट नसलेली दुपार होय.

ऊब आणि ऊन यांचा परस्परसंबंध याहून सूक्ष्म आहे. त्वचेतील एका मेदद्रव्यावर अतिनील किरण पडल्यावर प्रथम पूर्व-जीवनसत्त्व बनते. त्याचे ‘ड३’ मध्ये होणारे रूपांतर तापमानावर अवलंबून असते. म्हणूनच ऊन खाणाऱ्या सरड्याला प्रकाश व उष्णता एकाच जागी, एकाच वेळी मिळणे इष्ट असते. पेटीच्या एका टोकास दिवा आणि दुसऱ्या टोकास हीटर ठेवणाऱ्यास हे उमगलेले नसते.

बर्लिनमध्ये नामकरण, ऑस्ट्रेलियात बंदी

आपल्या कथेचा नायक शास्त्राच्या दप्तरात दाखल झाला तो १९२६ मध्ये, आणि तोही बर्लिनमध्ये. एर्न्स्ट आल यांनी त्याचे वर्णन केले. ‘पोगोना’ ही स्वतंत्र प्रजाती ग्लेन स्टॉर यांनी १९८२ मध्ये निश्चित केली; ग्रीक भाषेत ‘पोगोन’ म्हणजे दाढी. ऑस्ट्रेलियाने आपल्या वन्य प्राण्यांची व्यापारी निर्यात १९६० च्या दशकापासूनच रोखलेली असून १९८२ च्या कायद्याने हे निर्बंध अधिक काटेकोर केले. असे असूनही १९९० च्या दशकात हा सरडा अमेरिकेतील पाळीव प्राण्यांच्या बाजारात सहज उपलब्ध झाला. युरोपात, विशेषतः जर्मनीत, बंदिवासात वाढलेल्या प्राण्यांची संतती हा त्याचा मुख्य स्रोत होता. त्या संततीचे मूळ पूर्वज ऑस्ट्रेलियाबाहेर कसे पडले, याची चौकशी विकत घेणारा करीत नाही. आज ऑस्ट्रेलियाबाहेर वाढणाऱ्या लक्षावधी पिल्लांना ज्या लाल मातीचे अनुकरण पेटीत करून दिले जाते, ती माती त्यांच्या अनेक पिढ्यांनी पाहिलेली नाही.

या बाजारपेठेच्या आरंभीच्या काळात पिल्लांचे हाल झाले. दगडाच्या आकाराचे विजेचे तापक त्यांची पोटे भाजत. बारीक वाळू अन्नाबरोबर पोटात जाऊन आतड्यात साचे. कॅल्शियमची पूड दिली की अतिनील दिव्याची गरज नाही, असे विक्रेते सांगत. परिणामी वाकलेले पाय, मऊ जबडा व कापरे घेऊन पिल्ले पशुवैद्यकांकडे येत. छाव्यांची आणि लंडनच्या मुलांची व्याधी शंभर वर्षांनंतर सरड्याच्या रूपाने दिवाणखान्यात परतली होती. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऊनिंक्स व सहकाऱ्यांच्या अभ्यासात याच जातीच्या पिल्लांची तुलना करण्यात आली. तोंडावाटे दिलेल्या ‘ड३’ मुळे रक्तातील पातळी अतिनील दिव्याखाली वाढलेल्या पिल्लांच्या जवळपासही पोहोचली नाही. नाशिकच्या पाहणीने जे सुचविले होते, ते या प्राण्याच्या बाबतीत अधिकच खरे ठरले.

पिल्लाची पेटी

आजच्या प्रचलित पद्धतीनुसार पूर्ण वाढलेल्या प्राण्यास किमान चार फूट लांब व दोन फूट रुंद पेटी देतात. लांबी महत्त्वाची, कारण उष्ण टोकापासून शीत टोकापर्यंतचा उतार तीतच बसतो. ऊन खाण्याच्या जागेचा पृष्ठभाग सुमारे ४० अंश सेल्सिअस, तर दुसरे टोक २५ अंशांच्या आसपास. रात्री दिवे बंद आणि तापमान वीस-बावीस अंशांपर्यंत उतरलेले. अतिनील नळी व उष्णतेचा दिवा एकाच टोकाला, मध्ये काच किंवा प्लॅस्टिक नाही. पिल्लासाठी तळाशी वाळूऐवजी कागद किंवा फरशी, चढण्यास फांदी, लपण्यास आडोसा. दोन पिल्ले एका पेटीत ठेवीत नाहीत. ती एकमेकांची बोटे व शेपटीची टोके खातात. रातकिडा पिल्लाच्या दोन डोळ्यांमधील अंतराहून मोठा नसावा, हा छंदिष्टांचा संकेत शास्त्रशुद्ध नसला तरी उपयुक्त आहे.

पेटीपूर्वीचीही एक पेटी असते: अंडी उबविण्याची. २००७ मध्ये कॅनबेरा येथील संशोधकांनी दाखवून दिले की, ३२ अंशांहून अधिक तापमानात उबविलेल्या अंड्यांतील गुणसूत्रांनी नर असलेले काही भ्रूण मादी म्हणून वाढतात. २०१५ मध्ये हीच घटना मुक्त निसर्गातही आढळल्याचे प्रसिद्ध झाले. म्हणजे उबेची चूक येथे हाडांपुरती मर्यादित राहत नाही.

राहिला प्रश्न दिव्याचा. २००७ च्या सुमारास बाजारातील काही लघु-नळीदिवे अपायकारक लघुलहरी किरण सोडीत आणि त्यांमुळे सरड्यांचे डोळे सुजत, असे लक्षात आल्यावर त्यांची रचना बदलावी लागली. चांगल्या दिव्याचेही अतिनील किरण महिन्यांगणिक घटत जातात, आणि मानवी डोळ्यास ते दिसत नसल्यामुळे दिवा पूर्वीइतकाच प्रखर भासतो. त्यामुळे तो ठरावीक मुदतीनंतर बदलावा लागतो किंवा हातात धरण्याच्या अतिनील-मापकाने तपासावा लागतो. हे मापक पिल्लाच्या पाठीच्या उंचीवर, ते जेथे ऊन खाते त्याच फांदीवर धरावयाचे असते.