सातमाळ्यातली कोपी

माझी आत्या तीन महिन्यांची असताना सात रात्री जंगलात राहिली आणि तिचं दुपटं एकदाही पावसाने भिजलं नाही. पहिला पाऊस गोठ्याच्या पत्र्यावर वाजू लागला की आजी दरवर्षी ही गोष्ट सांगायची. आम्ही नातवंडं तिच्या घोंगडीत शिरून ऐकायचो. गोष्ट पाठ झालेली असूनही दुपट्याचा उल्लेख आला की आजी थांबायची, आणि आम्ही सगळे एका सुरात म्हणायचो, "कोरडं!"

साल 1948, महिना भाद्रपद. आमचं गाव कन्नड तालुक्यातलं, सातमाळ्याच्या डोंगरांना लागून. घाट उतरला की चाळीसगाव, म्हणजे खानदेश. देश स्वतंत्र होऊन वर्ष उलटलं होतं, पण ते स्वातंत्र्य घाटाखाली होतं. घाटावर निजामाचं राज्य होतं आणि कासीम रझवीच्या रझाकारांची दहशत. गावोगावची माणसं हद्द ओलांडून खानदेशात जात होती. आमच्या घरच्यांनीही एका रात्री दोन बोचकी, एक शेळी, कुऱ्हाड आणि लेकरं घेऊन घर सोडलं. औट्रम घाटाच्या रस्त्याने जायची छाती नव्हती, म्हणून आडवाटेने गौताळ्याच्या रानात शिरले. वाटेत पावसाने गाठलं. पुढचा ओढा दुथडी भरून चाललेला. तीन महिन्यांचं मूल छातीशी धरून त्यात पाय घालायला आजीने साफ नकार दिला. मग आबा, माझे आजोबा, म्हणाले, "इथंच थांबू. आधी डोक्यावर काहीतरी करू."

पुढची गोष्ट आबांची. ती सांगताना ते हातांनी बांधत बांधत सांगायचे.

पहिला तास त्यांनी काहीच तोडलं नाही, नुसते हिंडले. ओढ्याकाठच्या झुडपांत किती उंचीवर काटक्या आणि पाचोळा अडकलाय ते पाहिलं. पुराचं पाणी तिथवर येऊन गेलेलं असतं. त्याच्या वर तीन पुरुष चढून मुरमाचा एक उतार निवडला. काळ्या मातीत पाणी मुरत नाही, चिखल होतो, मेढी हलतात. वठलेल्या झाडाखाली बसायचं नाही, कारण वाऱ्याने पहिली फांदी त्याचीच पडते. पाऊस पश्चिमेकडून झोडपतो म्हणून कोपीचं, म्हणजे गवताने शाकारलेल्या झोपडीचं, तोंड उगवतीला.

मग दोन दुबेळकी मेढी रोवल्या, त्यांवर आढं टाकलं, आढ्यावरून दोन्ही बाजूंना वासे सोडले आणि वाशांवर आडव्या कामट्या बांधल्या. दोरी सोबत नव्हती. गौताळ्यातल्या एका भिल्ल म्हाताऱ्याने त्यांना पळसाची मुळं खणून दिली. मुळं दगडाने ठेचली की वाख सुटतो आणि ओला असताना त्याची गाठ घट्ट आवळते. त्या म्हाताऱ्याने नाव सांगितलं नाही आणि आबांनी विचारलं नाही. त्या दिवसांत एकमेकांची नावं माहीत नसणंच बरं होतं, असं आबा म्हणायचे. कोण कुठे लपलंय हे कुणाच्या तोंडून निघेल याचा भरवसा नव्हता.

गवताची काडी पाणी अडवत नाही, हे आबांचं पहिलं वाक्य असायचं. काडीला चिकटून पाणी टोकापर्यंत घसरतं आणि तिथून खालच्या काडीवर पडतं. त्याला थांबायला जागा मिळाली की ते आत उतरतं. म्हणून छपराला उतार इतका हवा, की वर ठेवलेला ओंजळभर मुरूम आपोआप घरंगळून जावा. म्हणूनच शाकारणी वळचणीपासून सुरू करून आढ्याकडे चढायची, प्रत्येक वरच्या थराने खालच्या थराची गाठ झाकायची. उघडी राहिलेली गाठ म्हणजे पाण्याला आत यायची वाट, कारण पाणी वाखावरून चालत थेंब थेंब आत येतं. भाद्रपदातलं गवत हिरवं होतं. हिरवं गवत वाळताना आकसतं आणि फटी पडतात. त्यावर उपाय म्हणून आबांनी गवताच्या दोन थरांमध्ये सागाची पानं माशाच्या खवल्यांसारखी अंथरली. आढ्यावर गवताच्या पेंढ्या दोन्हीकडे दुमडून बसवल्या आणि वर दगड बांधलेले वाख सोडले. पागोळ्या जिथे पडत होत्या, नेमका तिथेच वीतभर चर खणला. चराची माती आत ओढून जमीन उंच केली. आत धुनी पेटती ठेवली. धुराने डोळे चुरचुरत, पण छप्पर आतून सुकत राही आणि चिलटं पळत.

आत्या मेढीला बांधलेल्या झोळीत झोपायची. बाकीचे घोंगडीवर.

मी एकदा आबांना विचारलं होतं, की पितळखोऱ्याची लेणी तिथून जवळच, मग लेण्यात का गेला नाहीत? दोन हजार वर्षांपूर्वी तर ती त्यासाठीच खोदली. भिक्खूंनी पावसाळ्यात फिरू नये, एका जागी राहावं, हा वर्षावासाचा नियम. अजिंठ्याच्या वाघूर नदीकाठी आणि पितळखोऱ्यात दगडातल्या कोठड्या त्यापायीच झाल्या. पैठणच्या एका गंधिकाने, अत्तराच्या व्यापाऱ्याने, पितळखोऱ्याला दान दिल्याचा लेख तिथे आहे. आबांना लेख माहीत नव्हता, लेणी मात्र गुरं चारताना पाहिलेली होती. ते म्हणाले, "लेण्यात सगळ्यात आधी शोधायला येतील, हे एक. अन् दुसरं, तो दगड झिरपतो. दगड गळायला लागला की त्याला शाकारता येत नाही, लेकरा."

हे मला पुढे जाऊन पाहिल्यावर पटलं. पितळखोऱ्याचा कातळ ठिसूळ. भेगांतून झिरपलेल्या पाण्याने तिथले दर्शनी भाग ढासळले, खांब खचले. इतक्या मेहनतीने कोरलेलं ते काम पाण्याने पोखरलेलं पाहून जीव हळहळतो.

पण ज्या दिवशी आजीला वेरूळला नेलं तो दिवस वेगळाच होता. दहाव्या लेण्याला, विश्वकर्मा चैत्याला, आपल्याकडची माणसं पिढ्यान् पिढ्या सुताराचं झोपडं म्हणतात. आत कमानदार छत आहे आणि त्यावर ओळीने दगडी फासळ्या आहेत. दगडाला त्या फासळ्यांची काहीएक गरज नाही. लाकडाच्या घराला वासे लागतात, ते आठवून पाथरवटांनी अखंड कातळात वासे कोरले. आजीने मान वर करून बराच वेळ पाहिलं. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "ही तर कोपी. नुसतं गवत घालायचं राहिलंय." लेण्यांवर मी पुष्कळ वाचलं, पण इतकं नेमकं मला कुठे मिळालं नाही.

त्या 1948 च्या 13 सप्टेंबरला भारतीय फौजा निजामाच्या संस्थानात शिरल्या आणि 17 तारखेला निजाम शरण आला. जंगलात बातमी दोन दिवस उशिरा पोचली. घरी परतले तेव्हा गावातल्या घराचं माळवद गळून बसलं होतं. मृगाआधी वर पांढरी माती घालून ती चोपायची असते, ती त्या वर्षी कुणी घातलीच नव्हती. आजी म्हणायची, "रानात कोरडे राहिलो अन् घरात येऊन भिजलो."

मी स्वतः पहिली कोपी बांधली ती 1983 साली, मक्याच्या राखणीसाठी. घाईत वरून खाली शाकारत आलो. पहिल्याच सरीत ती इतकी गळली की आत बसण्यापेक्षा बाहेर उभं राहणं बरं वाटलं. आबा रागावले नाहीत. त्यांनी सगळं गवत उतरवायला लावलं आणि दुसऱ्या दिवशी शेजारी बसून एकेक पेंढी माझ्या हातात दिली. आज गौताळा अभयारण्य आहे, 1986 पासून. तिथली फांदी तोडायची नाही, आणि ते योग्यच आहे. पण बांधावरचं गवत आपलं आहे.

कोपी हा शब्द मात्र अजून जिवंत आहे, आणि तो जिथे जिवंत आहे ते पाहून मला चैन पडत नाही. आमच्या भागातली, बीडकडची हजारो माणसं दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. फडाजवळच्या मोकळ्या रानात त्यांच्या कोप्या उभ्या राहतात: चार बांबू, पाचट, वर प्लास्टिकचा कागद. अवकाळी पाऊस आला की काळ्या रानातलं पाणी थेट अंथरुणात येतं. तान्ही लेकरं तिथेही असतात. त्यांना उंच मुरमाची जागा आणि पक्कं छत देणं ही ऊस गाळणाऱ्यांची जबाबदारी आहे. जबाबदारी झटकून कागदाचा तुकडा पुढे करणं हे पाप आहे, असं मी स्पष्ट म्हणतो.

आणि वाचकहो, तुमच्या घरात किंवा शेजारी शाकारणी केलेलं कुणी म्हातारं माणूस अजून असेल, तर यंदा त्यांच्या हाताखाली एक कोपी बांधा. शेतात, परसात, शाळेच्या पटांगणात, कुठेही. सोबत मुलांना घ्या. गवत मात्र बी झडून काड्या पिवळ्या पडल्यावर, कार्तिकात कापून ठेवावं लागतं, तेव्हा त्यांना दिवाळीच्या आधीच जाऊन विचारा.