धोतरावर पायात काय घालावे?
लोहाऱ्याकडच्या लग्नसराईत धोतर किंवा कुर्त्यावर एकच जोड घ्यायचा असेल, तर कोल्हापुरी चप्पल घ्यावी. मोजडी झकास दिसते, पण लग्नानंतर कपाटातच राहते. गडद तपकिरी कोल्हापुरी जीन्सवरही चालते आणि मंडपाच्या दाराशी चटकन निघते. लेसच्या बुटांशी तिथे झटापट करावी लागते.

कोल्हापुरीला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्यात कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांबरोबर शेजारचा सोलापूर जिल्हाही आहे, म्हणून खरेदीसाठी कोल्हापूरच गाठायला हवे असे नाही.

मात्र नवी जोडी चावते. अंगठा व पट्ट्याला खोबरेल तेल लावून ती आठ-दहा दिवस आधीपासून घरात वापरावी, नाहीतर नवरदेव सप्तपदीला लंगडतो. भिजल्यास सावलीत वाळवावी, उन्हात चामडे कडक होते.