चिरलेले झाड

इंग्लंडातील सेलबर्न या खेड्याचा वृत्तान्त गिल्बर्ट व्हाइट या धर्मोपदेशकाने १७८९ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. त्यात अ‍ॅश वृक्षांच्या एका रांगेची हकीकत आहे. (कुमाऊँ-गढवालात नोकरीस असलेल्या वाचकांनी 'अंगू' पाहिला असेल, अ‍ॅश हा त्याचाच विलायती भाऊबंद.) त्या झाडांच्या बुंध्यांवर उभे, लांबलचक व्रण होते. पूर्वी अंतर्गळ झालेल्या मुलाला गुण यावा म्हणून कोवळे झाड उभे चिरीत, पाचरी मारून चीर उघडी धरीत आणि मुलाला उघड्या अंगाने तीतून पलीकडे सरकवीत. मग माती लिंपून झाड घट्ट बांधीत. झाड सांधले, की मूल बरे झाले असे समजत. आम्हाला हा केवळ भाबडेपणा वाटत नाही. पोटच्या पोराचे दुखणे ज्याच्या स्वाधीन करावे, ते झाड घरचेच मानलेले असणार.

होमरच्या काव्यातील अकिलीजचा भाला अ‍ॅशचा; नॉर्स लोकांचा विश्ववृक्षही हाच. लाकूड चिवट व धक्का सोसणारे. म्हणून गाड्यांची चाके, कुऱ्हाडींचे दांडे, वल्ही याचीच. हॉकीची काठीसुद्धा तिकडे याची असे. आपल्याकडे तिला तुती लाभली. बुंध्याशी तोडले तरी याला पुन्हा धुमारे फुटतात. सफोकमधील ब्रॅडफिल्डच्या रानातले, असे वारंवार तोडलेले एक खोड सुमारे हजार वर्षांचे मानतात.

कुऱ्हाडीला न हरलेला हा वृक्ष एका बुरशीपुढे मात्र हरू लागला. ती मूळची पूर्व आशियातली. तिकडच्या अ‍ॅशला तिचा फारसा उपद्रव नाही. १९९० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत पोलंडमध्ये झाडे शेंड्याकडून वाळू लागली. ब्रिटनमध्ये २०१२ च्या फेब्रुवारीत नेदरलँड्सहून आलेल्या रोपांवर ती आढळली. आयातबंदी झाली ऑक्टोबरअखेर. मधले आठ महिने कसे गेले असतील, हे आम्हा कारकुनांना कोणी समजावून सांगायला नको! बुरशीची बीजुके वाऱ्यावरही समुद्र ओलांडतात, हे खरे. परंतु जे झाड कुंपणाशी आपोआप रुजते त्याची रोपे परदेशातून विकत आणावीत, याचे नवल आम्हाला अधिक वाटते.

रोगट लाकूड ठिसूळ होते; त्यामुळे रस्त्याकडेची झाडे पाडावी लागतात. रानातली मात्र सरसकट पाडू नयेत, असे वनतज्ज्ञ सांगतात. रोगाला सहसा दाद न देणारी झाडे शंभरांत एक ते पाच असावीत असा अंदाज आहे, आणि ती कोणती, हे साथ अंगावरून गेल्याखेरीज कळत नाही.