भ्रम, कात आणि खराद : लाकूड कातण्याच्या यंत्राचा जीर्णोद्धार आणि त्याचे शब्द

लाकूड गरगर फिरवीत, त्यावर हत्यार धरून त्यास गोल घाट देण्याच्या यंत्राला मराठीत एकच एक नाव नाही. परिभाषेत त्यास ‘कातयंत्र’ म्हणतात, कारागीर ‘खराद’ म्हणतो आणि कारखान्यात ‘लेथ’ हा शब्द चालतो. प्रत्येक नवे नाव नव्या यंत्राबरोबर आले असावे, असा समज सहज होतो. तो बरोबर नाही. नावे बदलली तेव्हा यंत्र फारसे बदलले नव्हते. आणि यंत्र खरोखर बदलले तेव्हा जुने शब्द मागे राहिले. जुन्या यंत्राची दुरुस्ती करून त्यास नवी गती देऊ पाहणाऱ्याला या विसंगतीतून पुष्कळ शिकता येते.

संस्कृतात या यंत्राला ‘भ्रम’ अशी संज्ञा आहे. पालीत तिच्यापासून ‘भमकार’, म्हणजे कातारी, हा शब्द आला. मज्झिमनिकायातील सतिपट्ठानसुत्तात श्वासोच्छ्वासाच्या जाणिवेसाठी या कारागिराचाच दृष्टान्त योजिला आहे. कुशल भमकार अथवा त्याचा अन्तेवासी लांब ओढ घेताना ती लांब आहे हे जाणतो, आखूड घेताना आखूड आहे हे जाणतो. यंत्र पुढे-मागे फिरणारे होते, म्हणूनच हा दृष्टान्त श्वासाला तंतोतंत लागू पडतो. एका ओढीत लाकूड हत्याराकडे फिरते व कापले जाते. दोरी परतताना हत्यार किंचित मागे घ्यावे लागते.

इसवी सनाच्या पाचव्या शतकातील बुद्धघोषाने यावर केलेले भाष्य तर एखाद्या कारखान्याच्या टिपणवहीत शोभावे असे आहे. भेरीसारख्या मोठ्या वस्तू घडविताना हातपाय पसरून लांब ओढ घ्यावयाची. हस्तिदंताच्या बारीक वस्तूंसाठी हलकी व आखूड. हा भेद केवळ सोयीचा नव्हे. दोरी थेट लाकडाभोवती गुंडाळली असेल, तर एका फेऱ्यास लाकडाच्या परिघाइतकी दोरी लागते. ५ सेंटिमीटर व्यासाच्या दांड्याचा परीघ सुमारे १५·७ सेंटिमीटर, तर ४० सेंटिमीटर व्यासाच्या खोडाचा सुमारे १२५·७ सेंटिमीटर. ज्या ओढीत दांडा आठ वेळा फिरतो, त्याच ओढीत खोड एकदाच फिरते.

या भाष्यात घडविण्याच्या क्रियेसाठी ‘लिख्’ हा धातू आला आहे. मूळ अर्थ खरवडणे, कोरणे. लेखन हा अर्थ मागाहूनचा. कालिदासानेही रघुवंशाच्या सहाव्या सर्गात, इंदुमतीच्या स्वयंवरातील अवंतिराजाचे वर्णन करताना, हाच धातू वापरला आहे. त्वष्ट्याने सूर्याला चक्रभ्रमावर चढवून जपून तासले, तसा तो राजा शोभतो. ही कथा पुराणांत विश्वकर्म्याच्या नावावर सांगितली जाते. छत्रपती संभाजीनगरच्या अभ्यासकाला तिचे स्मरण वेरूळला गेल्यावाचून राहणार नाही. तेथील सातव्या शतकातील दहावे लेणे हे बौद्ध चैत्यगृह. पण लोकांनी त्यास ‘विश्वकर्मा’ आणि ‘सुतार झोपडी’ अशी नावे दिली. छताच्या दगडात लाकडी फासळ्यांची हुबेहूब नक्कल आहे. सुतार मंडळी येथे बुद्धमूर्तीला विश्वकर्मा मानून पूजीत, अशी नोंद फर्ग्युसन व बर्जेस यांच्या १८८० सालच्या ग्रंथात आहे. ज्या धर्माच्या सूत्रात कातारी दृष्टान्त म्हणून आला, त्याच धर्माच्या मंदिरात सुतारांना आपला आद्य कारागीर दिसावा, हा योगायोग खरा. पण त्यावर सिद्धान्त उभारू नये.

मराठी ‘कातणे’ सूतही कातते आणि लाकूडही. धातुपाठात ‘कृती’ दोनदा येतो, एकदा छेदनाच्या आणि एकदा वेष्टनाच्या अर्थी. दोरीच्या यंत्रावर वेष्टन व छेदन एकाच क्षणी घडते. तरीही यावरून व्युत्पत्ती ठरविण्याचा मोह टाळलेला बरा. ‘खराद’चा उगम मात्र स्पष्ट आहे. अरबी ‘खर्रात’ म्हणजे कातारी. फारसीच्या वाटेने तो शब्द हिंदी-उर्दूत आणि तेथून मराठीत आला. मोगल व पुढे निजामी अमलातील मराठवाड्यात फारसी-उर्दूचा वावर दीर्घकाळ राहिला. पण शब्द फारसी झाला तरी दोरी तीच होती.

खरा पालट अखंड एकाच दिशेने फिरण्याचा. लिओनार्दो दा व्हिंची याच्या टिपणांत, पंधराव्या शतकाच्या अखेरीस, पायाने चालणारे व जड चाक असलेले यंत्र रेखाटलेले आढळते. इ. स. १८०० च्या सुमारास हेन्री मॉडस्ले याने लेथ धातूच्या अचूक कामासाठी सिद्ध केला. त्यानंतर वाफ आली, वीज आली. परतीची रिकामी ओढ नाहीशी झाली.

जुना लाकडी सांगाडा आज दुरुस्त करावयाचा तर प्रथम दोन्ही टोके एका रेषेत आणावी लागतात, मग झिजलेल्या जागी बेअरिंग बसवावी लागते आणि हत्यार टेकविण्याची पट्टी घट्ट करावी लागते. मोटर जोडणे हे त्यामानाने सोपे. चूक होते ती गतीत. एकाच व्यासाची पुली लावली की बारीक दांडा ज्या फेऱ्यांनी साफ कातला जातो, त्याच फेऱ्यांनी रुंद खोड हादरू लागते. त्याची कड आठपट वेगाने हत्यारावर येते. म्हणून टप्प्यांची पुली लावतात व पट्टा सरकवून गती बदलतात. बुद्धघोषाने सांगितलेला लांब-आखूड ओढीचा भेदच येथे लोखंडात उतरला आहे. सावंतवाडीच्या लाखकामातही हेच पाहावे लागते. फिरत्या लाकडावर लाखेची कांडी दाबली असता घर्षणाने जी ऊब येते तिनेच रंग चढतो. ऊब कमी पडली तर लाख धरत नाही, फार झाली तर ओघळते.

मोटरीने वाचविले ते दोरी ओढणाऱ्याचे श्रम, आणि हलविली ती त्याची जागा. पाली सूत्रात भमकाराच्या जोडीला अन्तेवासी आहे, आणि ओढ लांब की आखूड हे तोही जाणतो. हत्यार हाती येण्यापूर्वीच, लाकूड अडते कोठे आणि सुटते कोठे, हे त्याला दोरीतून कळत असे. पट्टा कोणत्या टप्प्यावर चढवावा हे शिकाऊ मुलाला आता सांगून शिकवावे लागते.