नॉझल: घासायचं की बदलायचं?



मागच्या आठवड्यात एका जुन्या सोबत्याच्या मुलाचा फोन आला. साताऱ्याजवळ त्याचे दोन टिपर चालतात. "काका, एका गाडीचे इंजेक्टर गेलेत. एक मिस्त्री म्हणतो खोलून करून देतो, दुसरा म्हणतो सहाच्या सहा नवीन टाका. तुम्ही तर आर्मीत हेच केलंत ना आयुष्यभर?" आयुष्यभर नाही, पण बरीच वर्षं केलं हे खरं. ईएमईत व्हेइकल मेकॅनिक म्हणून भरती झालो आणि पुढे बडोद्याच्या ईएमई स्कूलमध्ये फ्युएल इंजेक्शनचा कोर्स केला. त्यानंतर जिथे पोस्टिंग होईल तिथे माझ्या गळ्यात पंप आणि नॉझल पडायचेच. पोराला दहा मिनिटांत उत्तर दिलं. फोन ठेवल्यावर मात्र हा प्रश्न किती जुना आहे ते आठवत बसलो.

रुडॉल्फ डिझेलचं पहिलं यशस्वी इंजिन १८९७ मध्ये जर्मनीतल्या ऑग्सबर्गच्या कारखान्यात चाललं. त्यात आजच्यासारखा इंजेक्टर नव्हता. दाबलेल्या हवेच्या झोताने तेल सिलिंडरमध्ये फुंकलं जायचं आणि त्यासाठी वेगळा कॉम्प्रेसर लागायचा. असं धूड जहाजात किंवा कारखान्यात ठीक, ट्रकवर कसं बसवणार? हवेशिवाय, नुसत्या तेलाच्या दाबाने फवारा मारणारा पंप आणि नॉझल भरवशाचे झाले तेव्हाच डिझेल रस्त्यावर आलं. बॉश कंपनीने १९२२ मध्ये हे काम हाती घेतलं आणि १९२७ मध्ये पंपांचं नियमित उत्पादन सुरू केलं. ऑग्सबर्गचा तो कारखाना ज्या कंपनीचा भाग झाला ती एमएएन, आणि तिने १९२४ मध्येच थेट इंजेक्शनचा ट्रक लोकांना दाखवला होता.

याच एमएएनच्या परवान्यावर १९५९ पासून जबलपूरच्या गन कॅरेज फॅक्टरीत आपला 'शक्तिमान' बनू लागला. १९६९ मध्ये जबलपूरलाच वेगळी व्हेइकल फॅक्टरी उभी राहिली आणि नव्वदच्या दशकाच्या मध्यापर्यंत शक्तिमान निघत राहिला. ज्यांनी फौजेत त्या काळात काढलीत त्यांना त्याचं लांब नाक आणि आवाज वेगळा सांगायला नको.

त्याआधी फौजेत दुसऱ्या महायुद्धातल्या पेट्रोल गाड्यांचा भरणा होता. त्यांच्या मिस्त्रीला कार्ब्युरेटर कळायचा. जेट फुंकून साफ करायचा, फ्लोट बघायचा, झालं. डिझेलचं काम निराळंच. नॉझलची बॉडी आणि तिच्यातली निडल एकमेकींसाठी घासून बनवलेली जोडी असते. दोघींमधली फट दोन-चार मायक्रॉन, म्हणजे डोक्याच्या केसाच्या जाडीचा विसावा भाग किंवा त्याहून कमी. एकीची निडल दुसरीच्या बॉडीत घातली की दोन्ही गेल्या. कोर्समध्ये आमच्या उस्तादांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "जोड़ी मत तोड़ना, चाहे घर की हो चाहे नॉझल की." सगळे हसले. ट्रेमध्ये निडली एकत्र ओतणाऱ्या एका पोराला दुपारी त्यांनी मैदानाच्या दोन चकरा मारायला लावल्या, तेव्हा हसणं थांबलं.

आता 'इंजेक्टर दुरुस्त करणं' म्हणजे नेमकं काय ते सांगतो, कारण बाजारात या एका शब्दाखाली चार कामं खपतात. बाहेरचा होल्डर हा जाड पोलादाचा तुकडा. थ्रेड शाबूत असले आणि बसायची जागा खराब नसली तर तो गाडीपेक्षा जास्त जगतो. आत स्प्रिंग असते. वर्षानुवर्षं दाबली जाऊन ती बसते आणि नॉझल उघडण्याचा दाब उतरतो. जुन्या थेट इंजेक्शनच्या इंजिनांत हा दाब साधारण पावणेदोनशे ते अडीचशे बार. स्प्रिंगमागे पातळ शिम घालून तो पुन्हा जागेवर आणतात. टोकाचं नॉझल मात्र खरोखर झिजतं: निडलची सीट झिजते, फवाऱ्याची भोकं मोठी होतात, कार्बन बसतो. म्हणजे खरी, प्रामाणिक दुरुस्ती ही की होल्डर ठेवा, नॉझलची जोडी नवी घाला, शिमने दाब लावा, खाली नवीन तांब्याचा वॉशर टाका आणि टेस्टरवर बघा. फवारा सारखा हवा, बंद होताना टोक कोरडं हवं, आणि हातपंप मारताना नॉझल कुरकुरलं पाहिजे. त्या कुरकुरीवरून जुने मिस्त्री डोळे मिटून सांगायचे की जोडी जिवंत आहे की मेली. (त्या फवाऱ्यासमोर हात कधी धरू नका. तेल कातडीतून आत शिरतं, आणि बाहेर दिसतं फक्त टाचणीच्या टोकाएवढं भोक.)

दुसरी 'दुरुस्ती' म्हणजे जुन्याच निडलला पेस्ट लावून सीटवर घासणं. निडलचा कोन आणि बॉडीच्या सीटचा कोन मुद्दाम किंचित वेगळे ठेवलेले असतात, म्हणजे दोघी एका बारीक रेषेवर टेकतात आणि झटकन बंद होतात. हाताने घासलं की त्या रेषेचा पट्टा होतो. टेस्टरवर आज ते पास होईल, पण महिन्याभरात थेंब गाळायला लागेल. मोठ्या वर्कशॉपमध्ये सीट मशीनवर कोन सांभाळून काढायची सोय होती. ती गोष्ट वेगळी आणि हाताने घासणं वेगळं.

मग लोक घासत का होते? कारण नवीन मिळत नव्हतं. पन्नासच्या दशकाच्या अखेरीस देशाकडे परकीय चलनाची चणचण होती. प्रत्येक आयात भागाला परवाना लागायचा आणि ट्रक तर वाढतच होते. १९५४ पासून जमशेदपूरला टेल्कोचे मर्सिडीज ट्रक बनायला लागले होते. त्यांना पूर्वकक्षाचं इंजिन आणि पिंटल नॉझल. त्या नॉझलच्या भोकात निडलचं टोक सतत खालीवर होत असल्याने कार्बन फारसा धरत नाही, आणि दाबही कमी लागतो. असं नॉझल साफसफाईवर बराच काळ निघायचं. हायवेवरच्या मिस्त्रींचा हात त्यावर बसला आणि 'घासलं की चालतं' हा समज तिथून पसरला असं माझं मत आहे. थेट इंजेक्शनच्या बारीक भोकांना तोच न्याय लावला की पिस्टन जळतो.

शक्तिमानचं इंजिन एमएएनच्या 'एम' पद्धतीचं. त्यात बहुतेक तेल हवेत न उडवता पिस्टनमधल्या गोल वाटीच्या भिंतीवर पसरवतात, तिथून त्याची वाफ होऊन ते जळतं. त्यामुळे इंजिन नरम चालतं. पण फवारा नेमक्या जागी पडला नाही तर सकाळच्या थंडीत पांढरा धूर सोडत बसतं.

देशी पुरवठ्याचं श्रेय 'मायको'ला द्यायला हवं. १९५१ मध्ये बंगळूरला बॉशच्या सहकार्याने मोटार इंडस्ट्रीज कंपनी निघाली. पुढे सत्तरच्या आसपास नाशिकला सातपूरमध्ये तिचा कारखाना आला आणि तिथे नॉझल आणि होल्डर बनायला लागले. (२००८ मध्ये कंपनीचं नाव बॉश लिमिटेड झालं, पण मिस्त्री लोक अजून 'मायकोचं आहे का?' असंच विचारतात.) लडाखमध्ये पत्र्याच्या शेडमध्ये बुखारीशेजारी बसून नॉझलची डबी उघडताना, हे आपल्या नाशिकहून आलंय, असं वाटून उगीच बरं वाटायचं. डबी हातात यायला मात्र नशीब लागायचं.

आता माझी गोष्ट. नव्वदच्या दशकाची सुरुवात, लेहच्या पुढचं एक फील्ड वर्कशॉप. ऑक्टोबर संपत आला होता. खिंडी बंद व्हायच्या आत हिवाळ्याचा साठा पुढे पोचवायचा असतो, त्यामुळे प्रत्येक गाडी मोजलेली. लेहच्या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन तृतीयांश. तेल तेवढंच आणि हवा कमी, म्हणजे काळा धूर, काजळी आणि नॉझलवर कार्बन. त्यात त्या काळी थंडीत डिझेल गोठू नये म्हणून रॉकेल मिसळायचे. इंजेक्शन पंपाला आणि निडलला वंगण मिळतं ते डिझेलचंच. रॉकेल पडलं की ते वंगण पातळ होतं. आम्ही थंडीवर उपाय करत होतो आणि त्याच उपायाने नॉझल खात होतो.

तीन शक्तिमान नॉझलसाठी उभ्या होत्या. डिमांड पाठवली, कागदावर दोन अक्षरं परत आली: एनए. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, नॉट अव्हेलेबल. यार्डात एक बीईआर, म्हणजे दुरुस्ती परवडणार नाही असं ठरलेली गाडी पडली होती. आमचे हवालदार मेजर म्हणाले, साहेबांची परवानगी घेऊन तिचे इंजेक्टर काढ, तपास आणि चांगल्या जोड्या जशाच्या तशा टाक. परवानगीचा कागद फिरायला एक दिवस लागणार होता आणि कॉन्व्हॉय पहाटे निघणार होता. मी म्हणालो, मी करतो. रात्री बसून निडली घासल्या. लॅपिंग पेस्ट नव्हती, बक्कल चमकवायचं पितळेचं पॉलिश वापरलं. टेस्टरवर सगळी नॉझलं कुरकुरली. तिन्ही गाड्या पास. मला शाबासकीही मिळाली.

चांग लाची उंची सतरा हजार फुटांच्या वर. खिंडीच्या चार-पाच किलोमीटर अलीकडे एका गाडीचं एक नॉझल उघडं अडकलं. मार्गात राहिलेल्या पॉलिशच्या कणांनी निडल धरली होती. उघड्या नॉझलमधून तेल गळत राहिलं आणि इंजिन ठोकायला लागलं. कॉन्व्हॉय अडू नये म्हणून ड्रायव्हरने तशीच रेटली आणि पिस्टन गेला. वर वळणावर हिमवारा सुटला होता, रिकव्हरी सकाळीच पोचू शकली. ड्रायव्हर तामिळनाडूचा, त्याचा डोंगरातला पहिलाच हिवाळा. गाडी सोडून तो हलला नाही. त्याच्या डाव्या पायाची दोन बोटं काढावी लागली.

चौकशीत नॉझल खोलली गेली आणि मी सगळं सांगितलं. हवालदार मेजर मला ओरडले नाहीत. त्यांनी ती अडकलेली जोडी माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "रख ले." इस्पितळात ड्रायव्हरला भेटलो. त्याला हिंदी जेमतेम यायची, मला तमिळ अजिबात नाही. मी माफी मागतोय हे त्याला कळलं की नाही, मला आजही माहीत नाही. त्याने मला चहा मागवला होता.

त्यानंतर तेजपूरकडे पोस्टिंग झाली. तिथे बॅरलच्या डिझेलमध्ये पाणी, निडलीवर गंज. गंजलेली निडल सरळ फेकायची, एवढा नियम मी स्वतःला घालून घेतला होता आणि स्टोअरवाल्यांशी त्यावरून भांडणंही केली.

मी निवृत्त होईपर्यंत काळ पालटायला लागला होता. कॉमन रेल १९९५ मध्ये जपानमध्ये हिनोच्या ट्रकवर आलं, दोन वर्षांनी युरोपात मोटारीवर. दाब दीड-दोन हजार बारपर्यंत चढला. इंजेक्टर उघडायचं काम विजेवर गेलं आणि प्रत्येक इंजेक्टरवर त्याचा स्वतःचा कोड आला, जो गाडीच्या कंप्युटरला सांगावा लागतो. प्रदूषणाचे नियम कडक होत गेले तसं डिझेलमधलं गंधकही उतरत गेलं. बीएस चारला दहा लाखांत पन्नास भाग, एप्रिल २०२० पासून बीएस सहाला फक्त दहा. गंधक काढताना डिझेलचं नैसर्गिक वंगणही जातं, म्हणून ते वरून मिसळतात. लडाखसाठी नोव्हेंबर २०१९ मध्ये इंडियन ऑइलने उणे ३३ अंशांपर्यंत न गोठणारं हिवाळी डिझेल काढलं. ती बातमी वाचली तेव्हा मला ती रॉकेलची पिंपं आठवली.

कॉमन रेलचा इंजेक्टरही दुरुस्त होतो बरं का. पण त्याला स्वच्छ खोली, मायक्रॉनमध्ये मोजणारी साधनं आणि खऱ्या दाबावर तेल मोजणारा बेंच लागतो. रस्त्यावरच्या बाकड्यावर खोललेला कॉमन रेल इंजेक्टर म्हणजे धुळीचं आमंत्रण. कंपन्या स्वतःच जुना घेऊन दुरुस्त केलेला देतात, तो मार्ग मला पटतो. आमच्या जुन्या व्यवस्थेतही शेवटी हेच होतं: पुढे बदला, खोलायचं ते मागे बेस वर्कशॉपला पाठवा. जिथे वेळ, उजेड आणि यंत्र आहे तिथेच खोला.

तर पोराला मी एवढंच विचारलं, की गाडी कुठली? जुनी, मेकॅनिकल पंपाची. मग होल्डर ठेव म्हटलं, सहाही नॉझल चांगल्या ठिकाणाहून बिलावर घे, तुझ्यासमोर टेस्टरवर लावून घे, आणि काढलेल्या जोड्या परत माग. "जुन्या कशाला काका?" म्हणजे त्या घासून पुन्हा तुलाच विकल्या जाणार नाहीत, म्हटलं.

काल त्याने फोटो पाठवला, सहा नव्या डब्या. सहाव्या डबीवरचा नंबर बाकी पाचांपेक्षा वेगळा होता. लगेच फोन लावला. गाडी अजून बांधलेली नव्हती.