व्हाले

व्हाले : दक्षिण नॉर्वेतील आग्देर काउंटीमधील एक ग्रामीण पालिका क्षेत्र. क्षेत्रफळ सुमारे १,२६५ चौ. किमी.; लोकसंख्या सुमारे १,२००. ओट्रा नदीच्या सेतेसदाल या दरीच्या वरच्या भागात ते वसले आहे. व्हाले हे मुख्य ठाणे असून दक्षिणेला रिस्टाड हे दुसरे महत्त्वाचे गाव आहे. शेती आणि वस्ती नदीकाठच्या चिंचोळ्या पट्टीत सामावली आहे. दोन्ही अंगांना खडे कडे आणि वर उजाड पठारे व तळी. १८३८ मध्ये येथे स्थानिक स्वराज्य आले. १९०२ मध्ये उत्तरेचा बिक्ले भाग वेगळा झाला. १९१५ मध्ये वेगळा झालेला हिलेस्टाड भाग १९६२ मध्ये परत व्हालेत आला.

समुद्राकडे जाणारी वाट दीर्घकाळ बिकट होती. त्यामुळे गाणे, पोशाख आणि बोली येथे जितकी टिकली, तितकी नॉर्वेत फार थोड्या ठिकाणी टिकली असेल. ‘स्तेव’ ही चार ओळींची गेय रचना. एकाने म्हटली की दुसरा तिला स्तेवनेच उत्तर देतो. ‘गांगार’ नाचाला तरफेच्या तारा असलेल्या हार्डांगर फिडलची किंवा मोरचंगाची साथ असते. सेतेसदालमधील या गायन, वादन व नृत्याच्या परंपरेला २०१९ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान मिळाले. चांदीकाम हाही येथला जिवंत व्यवसाय आहे. रिस्टाडचे तूरलाइव्ह ब्यॉर्गुम हे नावाजलेले फिडलवादक स्वतः चांदीचे कारागीर होते. काळ्या लोकरीवर पांढरे ठिपके, गळ्याला व मनगटांना भरतकाम आणि पुढे चांदीचे आकडे असा येथला पुरुषी स्वेटर देशभर ओळखला जातो.

हिलेस्टाडचे मध्ययुगीन लाकडी चर्च सतराव्या शतकात पाडले गेले, तरी त्याच्या दाराच्या कोरीव फळ्या वाचल्या. सुमारे १२०० मधील या फळ्यांवर नॉर्स आख्यानातील वीर सिगुर्दची कथा आहे. तो फाफ्निर नागाला मारतो, त्याचे काळीज भाजताना बोट पोळते म्हणून तोंडात घालतो आणि त्याला पक्ष्यांची भाषा कळू लागते. शेवटी याच आख्यानातील गुन्नार सापांच्या खड्ड्यात, हात बांधलेले असल्याने पायांच्या बोटांनी हार्प वाजवताना दिसतो. नॉर्वेच्या लाकडी कोरीवकामातील हे श्रेष्ठ काम आहे. मूळ फळ्या ऑस्लोच्या संग्रहालयात आहेत.

१९६४ मध्ये सुरू झालेल्या ब्रोक्के जलविद्युत् केंद्राने दरीचे अर्थकारण बदलले, आणि नदीही. बरेचसे पाणी बोगद्यातून केंद्राकडे जात असल्याने व्हाले गावाजवळ पात्रात पूर्वीइतका जोर उरलेला नाही. संथ भागांत पाणवनस्पती माजल्या आहेत. हालांड धबधब्यापाशी पाण्याने गुळगुळीत केलेले खडक व रांजणखळगे आता उन्हाळ्यात पोहणाऱ्यांनी गजबजतात.

व्हाले गाव क्रिस्तियानसान शहरापासून रस्त्याने सुमारे १५० किमी. आहे. ब्रोक्केहून पश्चिमेला सुलेस्कार्दकडे जाणारा डोंगररस्ता हिवाळ्यात बर्फामुळे बंद असतो. त्या बाजूने येणाऱ्याने उन्हाळ्याचाच बेत करावा.